नगरसेवकाला जाब कोण विचारणार?

दोन वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर अहिल्यानगर महानगरपालिकेत पुन्हा लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात आले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मागील सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये नव्या सभागृहासाठी मतदान झाले. मधल्या काळात शहराचे व जिल्ह्याचे नावही बदलले. ज्यांचा जन्म याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, चौंडी येथे झाला, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आता पालिकेच्या पाटीवर झळकते आहे. अहिल्यादेवींचे स्मरण जनमानसात आहे ते केवळ त्यांनी बांधलेल्या घाटांसाठी आणि जीर्णोद्धार केलेल्या मंदिरांसाठी नव्हे. रयतेची तक्रार स्वतः ऐकणारी, तिचा निवाडा करणारी आणि दौलतीच्या पैशाचा चोख हिशेब ठेवणारी राज्यकर्ती म्हणून लोकांनी त्यांना 'पुण्यश्लोक' म्हटले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या नगरीत सामान्य नागरिकाची नगरसेवकाविरुद्धची तक्रार कोण ऐकतो, किती दिवसांत ऐकतो आणि ऐकून पुढे काय करतो, हा प्रश्न म्हणूनच विचारला गेला पाहिजे.

प्रश्न काल्पनिक नाही. याच शहराने तो अत्यंत कटू स्वरूपात अनुभवला आहे. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी तत्कालीन उपमहापौर श्रीपाद छिंदम यांची एक ध्वनिफीत सर्वत्र पसरली. प्रभागातील कामासंदर्भात पालिकेच्या एका कर्मचाऱ्याशी दूरध्वनीवर बोलताना त्यांनी छत्रपती शिवाजी महाराज आणि शिवजयंतीविषयी अत्यंत अश्लाघ्य उद्गार काढल्याचे त्यात ऐकू येत होते. शिवजयंती अवघ्या तीन दिवसांवर होती. महाराष्ट्रभर संतापाचा आगडोंब उसळला. भारतीय जनता पक्षाने त्यांची तत्काळ हकालपट्टी केली, पोलिसांनी अटक केली, उपमहापौरपद गेले. त्याच महिन्यात महापालिकेच्या विशेष सभेने त्यांचे नगरसेवकपद रद्द करावे, असा ठराव करून तो राज्य शासनाकडे पाठवला. समाजाचा संताप, पक्षाची कारवाई आणि सभागृहाचा ठराव, सर्व काही पंधरा दिवसांच्या आत घडले.

त्यानंतर मात्र सारे थंडावले. ठराव मंत्रालयात पोहोचला आणि फायलींच्या गर्दीत विसावला. महिने उलटले, सभागृहाची मुदत संपत आली, डिसेंबर २०१८ मध्ये नवी निवडणूक झाली. छिंदम प्रभाग क्रमांक ९ मधून अपक्ष म्हणून उभे राहिले आणि निवडून आले. ज्या सभागृहाने त्यांना सदस्यत्वास अपात्र ठरवावे अशी शिफारस केली होती, त्याच सभागृहात ते पुन्हा सन्माननीय सदस्य म्हणून दाखल झाले. २८ डिसेंबर रोजी महापौर निवडीसाठी मतदान करताना त्यांना सभागृहातच मारहाण झाली. अखेर राज्य शासनाने त्यांचे नगरसेवकपद रद्द केले, तेव्हा फेब्रुवारी २०२० उजाडला होता. ठरावापासून निर्णयापर्यंत दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांत काय साधले आणि काय गमावले, याचा हिशेब मांडायला हवा. ज्यांनी सभागृहात हात उगारला त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. लोकशाहीच्या मंदिरात न्याय मुठीने होत नसतो. परंतु जिथे न्यायाची वाट अडलेली असते तिथे मूठ वर येते, हेही तितकेच खरे. दुसरीकडे, छिंदम यांना स्वतःची बाजू मांडण्याचा अधिकार होता. तो कायद्याने दिलेला आहे आणि तो कोणालाही नाकारता येत नाही. पण दोन वर्षांचा विलंब त्यांच्याही बाजूचा न्याय नव्हता. दोषी असल्यास त्या माणसाने एक दिवसही पदावर राहणे गैर आणि निर्दोष असल्यास एक दिवसही कलंक वागवणे गैर. विलंबाने दोन्ही पक्षांवर अन्याय केला आणि शहराच्या वाट्याला विटंबना आली.

चूक एखाद्या मंत्र्याची वा अधिकाऱ्याची नाही, रचनेची आहे. महापालिकांचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो १९४९ सालचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम होय. आज तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या १३ व्या कलमान्वये कर्तव्य बजावताना गैरवर्तन करणाऱ्या किंवा लांच्छनास्पद वर्तन करणाऱ्या नगरसेवकाला पदावरून दूर करता येते. अधिकार राज्य शासनाचा आहे, सभागृहाच्या हाती केवळ शिफारस आहे. याच कायद्याच्या १० व्या कलमात अनर्हतेची कारणे दिलेली आहेत. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असणे हे त्यांपैकी एक. स्वतः, पती वा पत्नीने किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम करणे हे आणखी एक. अशा अनर्हतेविषयी वाद उत्पन्न झाला तर तो न्यायाधीशांकडे सोपवण्याची तरतूद १२ व्या कलमात आहे. म्हणजे कायद्यात शब्द आहेत, कलमे आहेत, शिक्षाही आहे. नाही ती सामान्य माणसाला दिसणारी आणि चालता येणारी वाट.

गुलमोहर रस्त्यावरचा एखादा निवृत्त शिक्षक किंवा केडगावातला एखादा दुकानदार आपल्या नगरसेवकाविरुद्ध तक्रार करू इच्छितो, अशी कल्पना करावी. तो अर्ज कोणाकडे देईल? आयुक्तांकडे दिला तर आयुक्त प्रशासनाचे प्रमुख आहेत, नगरसेवकांचे वरिष्ठ नव्हेत. उलट त्यांचे प्रस्ताव मंजूर करणारे सभागृह याच नगरसेवकांचे असते. महापौरांकडे दिला तर महापौर त्याच सभागृहाच्या मतांवर निवडून आलेले असतात. पक्षाकडे दिला तर पक्ष आपल्या संख्याबळाकडे पाहतो. पोलिसांकडे जावे तर प्रत्येक अनैतिक कृत्य गुन्हा असतेच असे नाही. शेवटी तो अर्ज आवक-जावक विभागात शिक्का मारून घेतो आणि घरी जातो. शिक्क्यापलीकडे त्या अर्जाचे काय होते, हे त्याला कोणी सांगत नाही.

याउलट खेड्यातल्या सरपंचाची स्थिती पाहावी. ग्रामपंचायत अधिनियमाच्या ३९ व्या कलमान्वये सरपंच वा सदस्याच्या गैरवर्तनाची चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यामार्फत होते आणि निर्णय विभागीय आयुक्त करतात. त्या व्यवस्थेतही दोष आहेत. तथापि कोणाकडे जायचे, चौकशी कोण करणार आणि निकाल कोण देणार, हे तिथे ठरलेले आहे. पाचपन्नास लाखांचा कारभार पाहणाऱ्या गावच्या सरपंचाला चौकशीची ठरलेली चौकट आणि शेकडो कोटींच्या अंदाजपत्रकावर हात वर करणाऱ्या नगरसेवकाला मात्र मंत्रालयातल्या फायलीचा आडोसा, हा कोणता न्याय?

आणखी एक विसंगती डोळ्यांत अंजन घालणारी आहे. महाराष्ट्रात स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम १९८६ सालापासून आहे. पक्षाचा आदेश मोडून मतदान करणारा नगरसेवक त्या कायद्याने पद गमावू शकतो. म्हणजे पक्षादेश मोडला तर अपात्रतेची सुस्पष्ट वाट आहे, पण सदाचार मोडला तर वाट अंधूक. पक्षाने एखाद्याला काढून टाकले तरी त्याचे नगरसेवकपद शाबूत राहते. २०१८ च्या महापौर निवडीत पक्षाच्या धोरणाविरुद्ध मतदान केल्याबद्दल राष्ट्रवादी काँग्रेसने नगरमधील आपल्या १८ नगरसेवकांवर बडतर्फीची कारवाई केली. त्यांची पदे मात्र कायम राहिली. पक्षशिस्त हा पक्षाचा अंतर्गत विषय आहे. तिच्यावर नगराच्या सदाचाराचा भार टाकता येणार नाही. भाजपने छिंदम यांना दूर सारले ते योग्यच झाले. परंतु अशी व्यक्ती उपमहापौरपदापर्यंत पोहोचते कशी, याचे उत्तर राष्ट्रीय विचारांचा वारसा सांगणाऱ्या पक्षाने इतरांपेक्षा अधिक कठोरपणे स्वतःला विचारले पाहिजे. ज्यांच्या प्रेरणास्थानी शिवछत्रपती आहेत, त्यांच्याकडून समाजाची अपेक्षा अधिक असणे स्वाभाविकच आहे.

येथे संसदेचे उदाहरण बोधप्रद ठरेल. स्वातंत्र्यानंतर चारच वर्षांनी, १९५१ मध्ये, हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी एका व्यापारी संघटनेच्या हितासाठी पैसे घेऊन सभागृहात काम केल्याचा आरोप झाला. संसदेने समिती नेमली, समितीने चौकशी केली आणि हकालपट्टीचा ठराव सभागृहापुढे आला. मुद्गल यांनी त्याआधीच राजीनामा दिला. पुढे राज्यसभेने १९९७ मध्ये आणि लोकसभेने २००० मध्ये आपापली नीतिमत्ता समिती स्थापन केली. १२ डिसेंबर २००५ रोजी प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणाऱ्या खासदारांचे चित्रीकरण दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि २३ डिसेंबरला लोकसभेच्या १० व राज्यसभेच्या १ सदस्याची हकालपट्टी झाली. त्यांत जळगाव व एरंडोल या महाराष्ट्रातील मतदारसंघांचे खासदारही होते. त्या कारवाईतील घाईवर तेव्हा आक्षेप घेतले गेले आणि ते अगदीच निराधार नव्हते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये संसदेचा हा अधिकार मान्य केला. दिल्लीत अकरा दिवस आणि नगरच्या बाबतीत दोन वर्षे! योग्य मार्ग या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असला पाहिजे, आणि तो कायद्याने आखून दिलेला असला पाहिजे.

फौजदारी न्यायालये आहेत, मग वेगळी व्यवस्था कशाला, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याचे उत्तर शेजारच्या खानदेशात मिळते. जळगावच्या घरकुल प्रकरणात तत्कालीन आयुक्तांच्या फिर्यादीवरून २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल लागला तो ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. माजी मंत्र्यांसह ४८ जणांना शिक्षा झाली आणि त्यांत नगरसेवक राहिलेल्यांचा मोठा भरणा होता. तेरा वर्षांत पालिकेच्या किती निवडणुका होऊन जातात! फौजदारी न्यायालय गुन्ह्याची शिक्षा देते आणि त्यासाठी संशयातीत पुरावा मागते, ते योग्यच आहे. पदाची प्रतिष्ठा राखणे हे त्याचे काम नव्हे. नातेवाइकाच्या नावाने कंत्राट घेणे, कर्मचाऱ्याला शिवीगाळ करणे, निवडून आलेल्या पत्नीच्या खुर्चीवर बसून स्वतः कारभार हाकणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट तुरुंगाच्या वाटेवर नेईलच असे नाही. पण त्यांपैकी एकही लोकप्रतिनिधीला शोभणारी नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. छिंदम यांना लोकांनीच निवडून दिले, मग जनतेचा कौल श्रेष्ठ की शासनाचा निर्णय? मतदार सार्वभौम आहे याविषयी दुमत नाही. पण मतदार प्रतिनिधी निवडतो, तो चौकशी करत नाही. प्रभागातील मतांची विभागणी, ओळखीपाळखी, स्थानिक कामे अशा अनेक गोष्टींवर मतदान होते. त्यातून मिळालेला विजय हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र ठरत नाही. आणि चौकशीचा निकाल निवडणुकीआधी लागलाच नसेल, तर मतदाराने कोणत्या आधारावर निवाडा करावा? राज्यातील यंत्रणेने जे काम वेळेत केले नाही, ते प्रभाग ९ च्या मतदारांवर ढकलणे आणि मग त्यांनाच दोष देणे हा दुटप्पीपणा होय.

तिसरी भीती राजकीय सूडाची आहे आणि ती अजिबात खोटी नाही. सदाचाराचे शस्त्र बहुमताच्या हाती दिले तर विरोधकाचा आवाज दाबण्यासाठी ते वापरले जाईल. म्हणूनच पद रद्द करण्याचा अधिकार सभागृहाच्या हाती नसावा आणि केवळ मंत्र्याच्या हातीही नसावा. मंत्री कोणत्या तरी पक्षाचा असतोच. त्याच्या पक्षाच्या नगरसेवकाची फाईल आणि विरोधी पक्षाच्या नगरसेवकाची फाईल एकाच वेगाने सरकेल, याची हमी आजचा कायदा देत नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग देशातच उपलब्ध आहे. केरळने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी स्वतंत्र लोकपाल नेमण्याची व्यवस्था २००० च्या सुमारास सुरू केली. उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींकडे हे पद दिले जाते आणि पंचायती व नगरपालिका यांच्या सदस्यांविरुद्ध व अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रारी त्यांच्याकडे करता येतात. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने जानेवारी २००७ मधील नीतिमत्तेविषयीच्या अहवालात जिल्ह्यांच्या समूहासाठी असा स्थानिक लोकपाल असावा, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राने लोकायुक्त ही संस्था देशात सर्वप्रथम, १९७२ मध्ये, प्रत्यक्षात आणली. मात्र १९७१ चा कायदा मुख्यतः शिफारशीपुरता होता. तो सशक्त व्हावा यासाठी अण्णा हजारे यांनी याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीत २०१९ च्या आरंभी उपोषण केले. नवे विधेयक २०२२ मध्ये विधानसभेने आणि २०२३ मध्ये विधान परिषदेने संमत केले. ती दिशा स्वागतार्ह आहे. परंतु २९ महानगरपालिकांतील अडीच हजारांहून अधिक नगरसेवकांच्या दैनंदिन आचरणाच्या तक्रारी मुंबईतील एकाच कार्यालयातून हाताळल्या जातील, अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. विभागीय पातळीवर स्वतंत्र यंत्रणा हवीच.

या यंत्रणेचे स्वरूप काय असावे? प्रथम, नगरसेवकांसाठी लिखित आचारसंहिता हवी. काय केले तर चुकते, हे नगरसेवकालाही ठाऊक असले पाहिजे आणि नागरिकालाही. दुसरे, प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळावा आणि प्राथमिक छाननी तीस दिवसांत व्हावी. तिसरे, चौकशी निवृत्त न्यायाधीशाने करावी आणि तिला मुदत असावी. चौथे, चौकशीचा अहवाल आल्यावर शासनाने नव्वद दिवसांत निर्णय द्यावा. न दिल्यास विलंबाची कारणे विधिमंडळापुढे ठेवावीत. पाचवे, शिक्षा पायरीपायरीची असावी. आज 'काहीच नाही' आणि 'पद रद्द' या दोन टोकांमध्ये जवळपास पोकळीच आहे. लेखी तंबी, जाहीर क्षमायाचना, समित्यांच्या सदस्यत्वातून ठरावीक काळासाठी दूर ठेवणे या पायऱ्या असतील, तर लहान चुकांसाठी मोठी तलवार उपसावी लागणार नाही आणि मोठ्या चुका लहान ठरवून सोडूनही देता येणार नाहीत.

सहावी गोष्ट कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाची. नगरचे प्रकरण उजेडात आले ते एका सामान्य कर्मचाऱ्याशी झालेल्या संभाषणातून, हे विसरता कामा नये. नगरसेवकाचा दबाव, अपमान, नियमबाह्य कामाचा आग्रह हे सर्वप्रथम पालिकेच्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला येते. त्याने तोंड उघडले तर बदली, न उघडले तर मनस्ताप. त्याला निर्भयपणे तक्रार करता आली पाहिजे. सातवी आणि तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोट्या तक्रारींना आळा. हेतुपुरस्सर खोटी तक्रार करणाऱ्याला दंड व्हावा आणि निर्दोष ठरलेल्या नगरसेवकाची निर्दोषता तितक्याच ठळकपणे जाहीर व्हावी.

अशी व्यवस्था उभी करून नंतर मोडणे किती महागात पडते, हे इंग्लंडने अनुभवले आहे. तेथे २००० च्या कायद्याने नगरसेवकांच्या आचरणासाठी राष्ट्रीय पातळीवर मंडळ स्थापन झाले. क्षुल्लक आणि राजकीय तक्रारींचा पूर आला, मंडळ बदनाम झाले आणि २०११ च्या कायद्याने ते मोडीत निघाले. त्याबरोबर नगरसेवकाला निलंबित करण्याचा अधिकारही गेला. पुढे २०१९ मध्ये सार्वजनिक जीवनातील आचारमानकांविषयीच्या समितीने सहा महिन्यांपर्यंत निलंबनाचा अधिकार परत द्यावा, असे सुचवले. छाननी कडक नसेल तर व्यवस्था तक्रारींच्या ओझ्याखाली दबते आणि शिक्षेचा अधिकारच नसेल तर ती शोभेची राहते, हे दोन्ही धडे तेथून घेण्यासारखे आहेत.

कायद्यात बदल करणे विधिमंडळाच्या हाती आहे. त्याला वेळ लागेल. परंतु अहिल्यानगरच्या नव्या सभागृहाला तोवर थांबण्याचे कारण नाही. आचारसंहितेचा ठराव ते आज करू शकते. प्रत्येक नगरसेवकाने आपली मालमत्ता आणि कुटुंबीयांचे व्यावसायिक हितसंबंध दरवर्षी स्वेच्छेने जाहीर करावेत, असे ते ठरवू शकते. आलेल्या तक्रारींची संख्या आणि त्यांची स्थिती दर तीन महिन्यांनी जाहीर करण्यास प्रशासनाला सांगू शकते. सर्व पक्षांनी मिळून हे केले, तर त्यात कोणाचा पराभव नाही.

छत्रपतींनी आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. सैन्याने रयतेच्या गवता-धान्याला, भाजीपाल्याला जबरदस्तीने हात लावू नये, लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्यावे, असे त्यांनी बजावले होते. सत्तेचा माणूस सामान्य माणसाशी कसा वागतो, यावर राज्याची परीक्षा होते, हे त्यांनी ओळखले होते. महाराजांचा अवमान झाला म्हणून २०१८ मध्ये हे शहर रस्त्यावर उतरले. तो संताप खरा होता. महाराजांनी आपल्या अधिकाऱ्यांना घालून दिलेली शिस्त आपल्या लोकप्रतिनिधींना लागू व्हावी, यासाठी तेच शहर तितक्याच निर्धाराने उभे राहिले, तर तो त्यांचा खरा सन्मान होईल. सज्जनशक्तीने या प्रश्नाचा पाठपुरावा करावा, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आचारसंहितेविषयी लेखी विचारणा करावी आणि त्याच्या उत्तराची नोंद ठेवावी. पुढची निवडणूक येईल तेव्हा ती नोंद मतदारांच्या हाती असली पाहिजे.